ओंजळभर म्हणजे किती ग्रॅम?

सिडको, नाशिक

ती. सौ. आक्कास, धाकट्या नवनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला थांबला का, नामपूरला कांद्याला भाव काय, हे सगळं विचारलं असं समज. पत्र अशासाठी की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. तुझ्या भावजयीचा, उज्वलाचा टायफॉईड उतरला, पण ती जेवत नाही. घास नुसता तोंडात फिरतो. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल. काय खावंसं वाटतं ते सांग, म्हटलं, तर म्हणाली, आक्कांची पुदिन्याची चटणी. (आमच्या लेकीच्या, तेजलच्या लग्नातल्या साडीवरून तुमचं दोघींचं बोलणं बंद, आणि वासना झाली ती नेमकी तुझ्या चटणीची. माझं नशीब.)

तू फोनवर कृती सांगितलीस: ओंजळभर कोथिंबीर, मूठभर पुदिना, बाकी अंदाजाने. आक्का, ओंजळ कुणाची? माझ्या ओंजळीत अख्खी जुडी मावते. तशीच वाटली, तर उज्वलाने बोटभर चाटून वाटी सरकवली. आक्कांच्या हातची लागत नाही, म्हणाली. मग मी डिजिटल वजनकाटा आणला, मापाचे कपही आणले. मोबाईलवर पाहिलं तर एका ठिकाणी कपभर कोथिंबीर म्हणजे पंधरा ग्रॅम, दुसरीकडे चाळीस. का, तर एकाने सैल भरलेली आणि दुसऱ्याने दाबून. दाबायची ती किती, हे कुणी लिहीत नाही. त्यात मी ती धुऊन मोजली, म्हणजे निम्मं वजन नळाच्या पाण्याचं. भाजीवाल्या विमलाबाईंना विचारलं, जुडीचं वजन देठं धरून किती आणि देठांशिवाय किती. त्या म्हणाल्या, “साहेब, भाजी घ्यायची हाय का पंचनामा करायचाय?”

वैतागून तुला फोन केला, तर तू म्हणालीस, “मोजस काय रे, हातले समजस.” आणि ठेवून दिलास. अगं, माझ्या हाताला समजत असतं तर मी काटा कशाला आणला असता? परवा ताजा पुदिना मिळाला नाही, म्हणून वाळलेला आणला आणि ओल्याच्या वजनाइतकाच घ्यायला गेलो. वाळलेल्याला वजनच नसतं, आक्का. पातेलं भरलं तरी आकडा पुढे सरकेना. शेवटी मिक्सरचं झाकण उडालं, घरभर हिरवी धूळ झाली आणि शेजारचे शिंकत दार वाजवायला आले. उज्वलाने तीही चटणी चाटली आणि तेच म्हणाली. एवढ्या आजारातून ती उठली आणि मला तिच्या पोटात चार घास घालता येत नाहीत, याचा स्वतःचाच फार राग येतो.

तुझा,
नवनाथ

ता. क. कृती नकोच. तू ये. नामपूरहून सटाण्याला आलीस की नाशिकची गाडी मिळते, इथे स्टँडवर मी येतो. साडीचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत उज्वलाने पत्र वाचलं. म्हणते, तिच्या जिभेला अजून कसलीच चव नाही, साखरसुद्धा मातीसारखी लागते, मग चटणी कुणाच्या हातची हे तिला कुठून कळणार. (मी काटा उचलून परत खोक्यात भरला.) मग ती म्हणाली ते तसंच लिहितो: “आक्कांना लिहा, चटणी राहू द्या. नुसत्या समोर बसल्या तरी मी जेवेन.”