उजव्या हाताची शीर

भिलाई,
रविवार दुपार

प्रिय गुलाब,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मनात जे आलं होतं ते कागदावर शोभलं नसतं. अक्षर वाकडंतिकडं येईल, त्याला माझा इलाज नाही. पेन धरला की मनगटापासून कोपरापर्यंत शीर ओढली जाते आणि चार ओळी झाल्या की हात उशीवर ठेवून बसावं लागतं. फोनवरच बोलले असते, पण संक्रांतीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. तेव्हा आता वाच. येत्या गुरुवारी रायपूरला माझी शेवटची केमो आहे आणि त्या दिवशी तू माझ्यासोबत यायचं आहेस. का, ते शेवटी सांगते. आधी मला भांडून घेऊ दे, तेवढा हक्क माझा आहे.

दुर्गला, मोहन नगरच्या तुझ्या नव्या घरातलं संक्रांतीचं ते पहिलं हळदीकुंकू. घरातले सगळे म्हणत होते, जाऊ नको, गर्दीत जाणं बरं नाही. मी म्हटलं, गुलाबच्या घरी नाही जायचं तर कुठे जायचं? डोक्याला रुमाल बांधला, वर पदर घेतला, पैठणी नेसले. हात मात्र रिकामेच राहिले. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या, म्हणून त्या हाताला आता जन्मभर सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगडी नाही. सूज चढते म्हणे. उरला उजवा. सगळ्या सुया त्याच एका हाताने सोसल्या, सगळं औषध त्यानेच प्यायलं. त्या दिवशी तो असा सुजला होता की मी साबण लावून दोन बांगड्या चढवायला गेले तर अंगठ्याच्या पुढे जाईनात, आणि ज्या जागी काच शिरेला लागली तिथे डोळ्यांत पाणी आलं. शेवटी आले तशीच. वाटलं, ज्या घरी जायचंय तिथे सगळं ठाऊक आहे.

तू ताट घेऊन ओळीने येत होतीस. माझ्या एका बाजूच्या बाईला कुंकू लावलंस, दुसऱ्या बाजूच्या बाईला लावलंस. मधे मी होते. माझ्या हातावर तिळगुळाची पुडी ठेवलीस आणि पुढे सरकलीस. तुझ्या नव्या शेजारणीने, त्या जाड काठाची साडी नेसलेल्या, हळूच विचारलं, ‘इनके वो नहीं रहे क्या?’ ते मी ऐकलं. तूही ऐकलंस. हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस, वाटीतले तीळ सारखे करत राहिलीस. माझा नवरा त्या वेळी तुझ्या फाटकाबाहेर स्कूटरवर बसून शेंगा फोडत होता आणि उशीर झाला म्हणून त्याने दोनदा हॉर्नही वाजवला. मेलेला माणूस हॉर्न वाजवतो का ग? मग सगळ्या जणींना आग्रह झाला, नाव घ्या, नाव घ्या. मला कुणी म्हटलं नाही. मी जुळवून आणलं होतं, आता इथेच घेते, नाहीतर वाया जायचं: भंडाऱ्याचा तांदूळ, भिलाईचं लोखंड, बाबुलालरावांचा राहो संग अखंड. तिळगुळ घेऊन घरी आले, आणि सरळ कचऱ्यात टाकला. गोड बोलण्याची मला त्या दिवशी गरज वाटली नाही.

रिकामा हात तू काही पहिल्यांदा पाहिला नाहीस, गुलाब. स्टील प्लान्टच्या सेक्टरमध्ये आपली क्वार्टरं भिंतीला भिंत लावून होती, तुझी फोडणी माझ्या घरात ठसकायची. हर्षाच्या वेळी तुझ्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा तुझे पंजाबराव आणि हे दोघेही ड्यूटीवर होते आणि गाडी येईपर्यंत तू माझा हाच उजवा हात धरून ठेवला होतास. ‘मले सोडून जाऊ नको वं सिंधू’ म्हणत असा दाबलास की काकणं कडाकड फुटली, एक काच मनगटात शिरली. रक्त तुझ्या साडीवर, माझ्या साडीवर. दवाखान्यात नर्सला वाटलं, बाळंतीण मीच. माझ्या सासूबाई मागून धावत आल्या त्या माझ्या मनगटाला हळदीचा दोरा बांधायला; सवाष्णीचा हात रिकामा नको म्हणून. तू तशा कळांत हसली होतीस. तो व्रण अजून आहे. आता त्याच्या शेजारून ही काळी शीर जाते.

शिरेचं सांगते. नीट वाच, हे मी उगाच लिहीत नाहीये. पहिलं औषध लाल असतं, काचेच्या बाटलीतल्या सरबतासारखं दिसतं आणि आत जाताना थंड लागतं. दोन-तीन वेळा काही नाही. मग शीर दुखायला लागते, मग काळी पडते, मग वाळलेल्या सुतळीसारखी टणक होते. हात सरळ करायला गेलं की आतून कुणीतरी ती सुतळी खेचल्यासारखं होतं. भाकरी थापणं गेलं, कपडे पिळणं गेलं, सासूबाईंची वेणी घालणं गेलं. पुढच्या वेळी सुई टोचायला शीर सापडत नाही. इथे टोच, तिथे टोच. मला कॅन्सरची भीती वाटायची तेवढी आता त्या सुईच्या ताटलीची वाटते.

आणि हे सगळं टळलं असतं. अगदी सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात, तिला पोर्ट म्हणतात, औषध तिच्यातून मोठ्या शिरेत जातं, हाताला त्रास नाही. आमच्या घरात त्यावर बैठक बसली. कुणाची, तर ह्यांची आणि तुझ्या पंजाबरावांची! दोघांचा जन्म प्लान्टच्या पाइपलाइनी बघण्यात गेला. हे म्हणाले, ‘लाइनले जितके जॉइंट तितके लीक. अंगात अजून एक जॉइंट कावून टाकता?’ आणि पंजाबराव चहात टोस्ट बुडवत म्हणाले, ‘सही बोलून राहिले भाऊ. चालू लाइनले हात लावू नये.’ झालं. दोन फिटरांनी मिळून माझी छाती तपासली आणि निकाल दिला. मी तरी काय, मान हलवली. तू तिथेच होतीस, पापड भाजत होतीस, तूही मान हलवलीस. डॉक्टरांनी नंतर ह्यांना म्हटलं, अहो, माणसाची शीर म्हणजे पोलादी पाइप नाही, ती आतून भाजते. तोवर माझी भाजून झाली होती. तेव्हा एक लक्षात ठेव: पोर्टचं कुणी विचारलं तर फिटरांना विचारायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं, आणि पहिल्या सुईच्या आधी विचारायचं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणून सासूबाईंनी तेल काढलं. त्यांचा, म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या ठकूबाईंचा, हात तुला माहीत आहे, अर्ध्या सेक्टरच्या मुरगळलेल्या पायांना त्यांनी वळण लावलंय. जवसाचं तेल कोमट करून त्या माझ्या शिरेवर अंगठा दाबून बसल्या. मी ओरडले तर म्हणाल्या, ‘चूप राह्य वं, रगत जमलं हाय, चोळल्यानं मोकळं होते.’ दुसऱ्या दिवशी हात लालबुंद आणि तापलेला. रायपूरला अनुजा नावाची एक सिस्टर आहे, बारीकशी, पण आवाज पहाडी. तिने हात बघितला आणि सगळ्या वॉर्डासमोर मला झापलं, ‘काकी, नस को रगडना मना है!’ तेव्हा चोळायचं नाही. तिने जे सांगितलं ते असं: घरी आल्यावर शेक घ्यावा की नाही, गरम की थंड, ते औषधावर असतं, म्हणून दर वेळी तिथेच विचारून निघायचं. मला कोमट शेक सांगितला, टॉवेल गुंडाळून, सोसेल इतकाच. हात उशीवर उंच ठेवायचा. मऊ चेंडू मुठीत हळूहळू दाबायचा. जाण्याच्या आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यायचं, म्हणजे शीर वर येते. आणि हात लाल झाला, ताप आला तर घरच्या तेलावर विसंबायचं नाही, दवाखान्यात फोन करायचा.

सगळ्यात मोठं राहिलंच. औषध चालू असताना सुईच्या जागी जळजळ झाली की त्या क्षणी ओरडायचं. मी एकदा ओरडले नाही. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या सुनेला सांगत होती, बघ, ही कशी निमूट सहन करते, आणि मला ते गोड लागलं. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना, जी तोंड उघडत नाही ती गुणाची. औषध शिरेच्या बाहेर पसरलं आणि मनगटाच्या वर रुपयाएवढी कातडी काळी पडून निघाली. गुणाची बाई व्हायची ही बक्षिसी. हल्ली मी इतकी ओरडते की अनुजा सिस्टर लांबूनच हात जोडते.

इतके महिने माझं औषधपाणी चाललं आहे आणि तू किती वेळा आलीस, सांग बरं. फोनवर गुलाबाच्या फुलांचे फोटो पाठवतेस, खाली हिंदीत लिहिलेलं असतं की धैर्य रखो. तुझ्याच नावाची फुलं. तू तीच का ग, जिने माझ्या गर्भपाताच्या वेळी पंधरा दिवस माझ्या घरचा स्वयंपाक केला? मी ह्यांना म्हटलं, मोहन नगर काही लंडनला नाही. हे म्हणाले, जाऊ दे, नवं घर आहे, कामं असतील. त्यांना संक्रांतीचं मी सांगितलंच नाही. सांगू काय, की तुम्ही हॉर्न वाजवत होता तेव्हा आत तुम्हाला पोचवून झालं होतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते खोटं नाही. मी तुझ्याशी जन्मात बोलणार नव्हते. ठरवून टाकलं होतं.

पण परवा हर्षा आली. कुम्हारीहून तुझ्याकडे जाताना वाटेत उतरली, माझ्यासाठी तिने मऊ चेंडू आणला होता. बसल्या बसल्या तुझी चुगली करायला लागली. ‘काकू, आई पागल झाली का वं? आपला ब्लाउज बाजूले धुऊन राहिली, मले हात लावू देत नाही. आतून कापूस लावून राहिली, कावून म्हटलं तर अंगावर येते.’ तिला वाटलं, तू म्हातारपणी सोवळं पाळायला लागलीस. ती हसत होती. मी हसले नाही, गुलाब. माझंही असंच सुरू झालं होतं. ब्लाउजला आतून डाग, मग कापूस, आणि वेगळी बादली. मी पोरीला काही सांगितलं नाही. ते तू सांगशील.

ती गेल्यावर मी तुझं हळदीकुंकू पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. ताट धरलेला तुझा हात अंगाला चिकटलेला होता, काख उघडायची नाही अशा बेताने. आणि माझ्यासमोर आलीस तेव्हा तू माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलंच नव्हतंस. तू पदराखालच्या माझ्या सपाट बाजूकडे बघत होतीस, आणि तुझा चेहरा उतरला होता. मी तुला अशुभ वाटले नाही. मला बघून तुला तुझं दिसलं, आणि तू पळालीस. संक्रांतीपासून तेवढ्यासाठीच फोन उचलत नाहीस. भीती मला समजते, तिच्यासोबत मी रोज जेवते. पण भीत भीत का होईना, कुंकू लावायला पाहिजे होतंस. ते मी माफ केलेलं नाही आणि ह्या चिठ्ठीत करणारही नाही.

म्हणून गुरुवारी यायचं. सकाळी हे आणि मी दुर्गच्या बसस्टँडवर येतो, तिथून तिघं जाऊ. माझी बाटली चढेपर्यंत तू तपासणी करून घे. अनुजा सिस्टरला मी सांगून ठेवलं आहे, नाव मात्र सांगितलं नाही. काही निघालं नाही तर मला मनसोक्त हास, मी खाटेवरून ऐकून घेईन. निघालं, तर वर जे जे लिहिलंय ते सगळं तुझ्यासाठीच लिहिलंय. मला आता त्याचा उपयोग नाही, माझा हात संपला. पंजाबरावांना सांग, सिंधूने बोलावलंय, जास्त विचारलं तर मला फोन लावून दे. कुंकवाचा करंडा पिशवीत टाक, माझं राहिलेलं तिथे लावशील. आणि संक्रांतीला घातला होतास तो कोपरापर्यंतचा हिरवा चुडा घरीच काढून ठेव. रक्त घ्यायच्या वेळी तिथे साबण लावून काढावा लागतो, आणि मागे रांग असते.

तुझीच, अजून तरी,
सिंधू