हिच्यासाठी रस्ता

३ फेब्रुवारी, सकाळी ९
हिला दवाखान्यातून आणून चार दिवस झाले. खुब्याचं हाड. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पडून राहायचं. खाट मागच्या खोलीत ठेवली, तिथून संडास जवळ. ही म्हणाली, दुखणं सोसेन हो, पण रस्ता दिसत नाही. चाळीस वर्षं ही पुढच्या खिडकीत बसत आली आहे. मी म्हटलं, त्यात काय, रस्ता काढून देतो. आठ दिवसांत चित्र तुझ्या समोरच्या भिंतीवर. शब्द दिला आहे.

४ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांकडून पुस्तक आणलं. इंग्रजीत आहे. चित्रं बघितली. मास्तर म्हणाले, काका, रस्त्याच्या कडा, छपरं, पायऱ्या, सगळ्या रेघा लांबवर एका बिंदूत जाऊन मिळतात. व्हॅनिशिंग पॉइंट. तिथे सगळं नाहीसं होतं. ऐकून जरा धसका बसला. पण मूळ गोष्ट समजली. शाळा सहावीत सुटली असली तरी बत्तीस वर्षं गोदामात खोकी रचली आहेत. इमारत म्हणजे खोकंच. आठ दिवस कशाला, पाच पुरे.

६ फेब्रुवारी
टेबल ओढत पुढच्या खिडकीत आणलं. कमरेत उसण भरली. हिचं करायला येणाऱ्या बाईंनी मलाच शेक दिला. हिची आंघोळ दुपारवर गेली. टेबलच जड आहे, कोण काय करणार.

७ फेब्रुवारी
बिंदू कागदाच्या बाहेर पडतो. मास्तर म्हणाले, पडू द्या, जिथे पडेल तिथे खिळा ठोका, दोरा बांधा, दोरा ताणून रेघ मारा. तो स्वयंपाकघराच्या चौकटीत पडला. ठोकला. आता दोरा खोलीतून आडवा जातो. बाई दोनदा अडकल्या. म्हणाल्या, काका, या घरात एक पेशंट पुरे आहे. दोऱ्याला लाल चिंधी बांधली. काम झपाट्याने चाललं आहे. दोन रेघा झाल्या.

९ फेब्रुवारी
क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरायची. काल खुर्चीवर उशी होती. आज बाईंनी ती हिच्या पायाखाली घेतली. त्यामुळे औषधवाल्याचं दुकान कालच्या उंचीवरून आणि शिंप्याचं आजच्या. भूकंप झाल्यासारखं दिसतं. उशी मागायला गेलो. ही म्हणाली, न्या, माझा पाय कुठे पळून जातोय. नेली नाही. आपण समजून घेतलं पाहिजे.

१२ फेब्रुवारी
आठ दिवस कालच संपले. काढलं तेवढं हिला दाखवलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, शिंप्याचं दुकान घसरतंय का? मी म्हटलं, ते पर्स्पेक्टिव्ह. म्हणाली, आणि माणसं कुठायत? रिकामी दुकानं बघत पडू होय? मी म्हटलं, माणसं शेवटी येतात. म्हणाली, बरं, शिंप्याच्या सुनेचं पोट केवढं दिसतं आता, एवढं तरी सांगा. मला सांगता येईना. मी दुकानावरच्या पत्र्याची रेघ बघत होतो.

१३ फेब्रुवारी
सून दिसली. तिचं डोकं क्षितिजरेषेच्या वर की खाली, हे पेन्सिलीने मोजेपर्यंत ती आत गेली. पोट राहिलं.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४
ही भिंतीकडे तोंड करून पडते. बाई म्हणाल्या, काकूंनी दोन घास खाल्ले, बोलत काहीच नाहीत. मी आत जाऊन उभा राहिलो. मला हिला कुशीवर वळवता येत नाही. मी हात लावला की ही ओरडते. औषधाच्या वेळा बाईंना पाठ आहेत. मला पेन्सिलींना टोक करता येतं. सात पेन्सिलींना केलं. उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून काढणार.

१६ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. प्रकाश उलटा होता.

१८ फेब्रुवारी
लेक आली. दारातच दोऱ्यात अडकली. बाबा, हे काय? सगळं समजावून सांगितलं, बिंदूसकट. ती म्हणाली, आईची खाट या खिडकीत का नाही आणली? म्हटलं, इथे टेबल आहे. टेबल इथे कशाला? म्हटलं, चित्र काढायला. चित्र कशाला? म्हटलं, तुझ्या आईला तिथून रस्ता दिसत नाही ना.
बाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या.
मी संडासाचा मुद्दा काढला. लेक म्हणाली, कमोडची खुर्ची मिळते, बाबा. खाटेला चाकं आहेत. मी ती पाहिली होती. दहा मिनिटांत खाट पुढे, टेबल मागे. खिळा बाईंनी उपटला.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११
ही सकाळपासून खिडकीत. शिंप्याची सून स्वतः गजांशी येऊन उभी राहिली. आठवा लागला. हिने वाटीभर भात संपवला आणि आणखी मागितला. हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येतो. मी मागच्या खोलीत टेबलाशी आहे. इथे खिडकी नाही.
चित्र तसं पुरं होत आलं होतं. पुढे जाऊन विचारलं, तुझ्या उशाशी लावू का? ही म्हणाली, लावा की, सावकाश लावा. आधी जरा बाजूला व्हा, औषधवाला काहीतरी सांगतोय.
झालो.