लव्हाळ्याच्या गाठी

बाबा,

आज मुळे उपटले. पहिलाच हातात आला तो आरपार भोसकलेला. लव्हाळ्याचा कोंब एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला होता. पुढचेही तसेच निघाले, तेव्हा मी वाफ्याच्या कडेला बसले आणि रडले. साठी उलटलेली बाई मुळ्यांसाठी रडते आहे, हे शेजारच्या वाडीतल्या काकूंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून त्या केळींआड गेल्या. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. तुमच्या वेळी लव्हाळा विहिरीकडच्या कोपऱ्यात होता, तेवढाच. आता पाचही गुंठ्यांत दुसरं काही धड उगवत नाही.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी आहे आणि तुम्ही मला त्या कोपऱ्यात बसवलं आहे. आदल्या संध्याकाळी पाणी सोडून माती भिजवून ठेवलेली. मी तासाभरात पाटीभर गवत तुमच्यापुढे आणून ठेवते, शाबासकी मिळणार म्हणून. तुम्ही पाटी उलटी करता. "नुसती शेंडी खुडलीस, बाय. गाठ कुठाय?" मग शेजारी उकिडवे बसून दाखवता. सळईने माती सैल करायची, दोऱ्यासारखं मूळ बोटांनी धरत खाली जायचं, तुटू द्यायचं नाही. वीतभर खाली काळी गाठ, तिच्यातून निघालेला दुसरा दोरा, त्याला आणखी एक गाठ. सगळ्या डब्यात. बांधावर एकही टाकायची नाही, पाटात तर नाहीच. संध्याकाळी तो डबा तुम्ही न्हाणीच्या चुलीत रिकामा करायचात. मी कंटाळून म्हटलं, नांगरच का नाही फिरवत? तुम्ही इतके चिडलात की मी पाटी टाकून घरात पळाले. "नांगर एका गाठीच्या जागी धा करून ठेवतो. हातानं होईल तेवढंच करायचं." रात्री जेवताना मात्र तुमच्या ताटातला तळलेल्या बोंबलाचा तुकडा माझ्या ताटात आला.

म्हणजे मला माहीत होतं. तरी तीन वर्षांपूर्वी मी पॉवर टिलर बोलावला. बोळिंजच्या फ्लॅटवरून रोज आगाशीला वाडीत यायचं, गुडघे धरतात, खाली बसवत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. त्या माणसाने तासाभरात वाडी अशी भुसभुशीत करून दिली की मी फोटो काढून भावाला पाठवला. पंधरा दिवसांत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली. तेव्हापासून खणतेच आहे. काळं प्लास्टिक अंथरलं, ते फोडून वर आला. भावाने फवारणी करून घेतली, त्यात वालाचे वेल जळाले, लव्हाळा नुसता पिवळा पडला आणि परत उगवला. एवढासा चौकोन मोकळा करते, तोवर मागचा भरलेला असतो. थकले हो बाबा.

काल भाऊ आला होता. बांधावरूनच म्हणाला, "ताई, बस झालं ना आता. पार्किंगला देऊन टाकू. खडी पसरली की विषय संपला. बाबा असते तर त्यांनीपण हेच केलं असतं."

तुम्ही हे केलं नसतंत. त्यालाही ते ठाऊक आहे, म्हणून तर मान वर न करता बोलला. मी भांडेन असं त्याला वाटलं असावं. मी हो म्हटलं. सोमवारी खडीचा ट्रक येणार आहे.

हे कागदावर लिहून ठेवते आहे, भावाला दाखवणार नाही. कुणालाच नाही. गुडघ्यांचं खोटं आहे, बाबा. गुडघे तेव्हा चांगले होते. टिलर बोलावला त्या आठवड्यात मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी यायची होती. लिंबू चोळलं, ब्रशने घासलं, तरी माझ्या नखांतली माती जाईना, आणि या हातांनी त्यांना चहा द्यायची मला लाज वाटली. चार दिवस मातीत हात घालायचा नव्हता, एवढंच.

ती माणसं आली, पोहे खाल्ले, तारीख ठरवून गेली. माझ्या हातांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.