कांद्याचं पाणी कोणी बदललं

आई, रिसाली भागातल्या माझ्या घरात आज नातीने खिडकीतल्या पेल्यावर कांदा ठेवलाय. पांढरी मुळं पाण्यात सैल सुटलीत, ऊन त्यांच्यातून आरपार जातं, आणि पोळी करपेपर्यंत मी बघत राहते. बघता बघता पोलाद कारखान्याच्या आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. तिथेही असाच कांदा, पण पाण्यात कॉलेजच्या बाटलीतलं कॅफीन. त्याने मुळातल्या पेशींचं विभाजन अडतं; एका पेशीत दोन केंद्रकं होतात, मधली भिंत मात्र उभी राहत नाही. तेवढंच मला कॉलेजच्या मॅडमना दाखवायचं होतं. आणि तू आदल्या सकाळीच ते पाणी मोरीत ओतून पेला साध्या पाण्याने भरलास. "प्लांटची लाल धूळ पडली होती त्याच्यात. असं पाणी कावून पाजून राहिली त्याले?" मी तुला अडाणी म्हटलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी आम्हांला उठता-बसता सॉरी म्हणायला शिकवलं होतं, पण ते घरीही म्हणायचं असतं हे नाही. तू नुसती कढईत पळी फिरवत राहिलीस.

दुसरा कांदा वाढवायला वेळ नव्हता, म्हणून तीच मुळं नेली. लाल रंगात गरम करून काचपट्टीवर दाबली. मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. मग मी पाहिलं. दोन केंद्रकांच्या अडलेल्या पेशी होत्याच, आणि त्यांच्यामध्ये नव्या पेशी निवांत दुभंगत होत्या, केसाएवढ्या बारीक भिंती घालत. मूळ पुन्हा चालू झालं होतं. "साध्या पाण्यात परत ठेवायचं तुला कसं सुचलं?" त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं. मी म्हटलं, "बघावंसं वाटलं, मॅडम."

त्या उत्तरावर त्यांनी मला प्रयोगशाळेत घेतलं. पुढे माझ्या कामावर स्वतःचं नाव टाकणाऱ्या एकेका साहेबाशी मी निवृत्तीपर्यंत भांडले. अजून आठवलं की डोकं तापतं. निर्लज्ज माणसं. तू जाईपर्यंत घरात सगळे माझ्या त्या युक्तीचं कौतुक करायचे. तूही करायचीस, कुणी आलं की चहा देता देता.

आज नातीला ही गोष्ट, तुझा भाग वगळून, सांगितली. तिने विचारलं, "आजी, ये आइडिया आपको आया कैसे?" मी म्हटलं, सुचली झालं. तिने वहीत लिहिलं, युक्ती आजीची. वही इथेच उघडी आहे, पेन्सिलने लिहिलंय, शेजारी खोडरबरही आहे. तुला एवढं पानभर लिहिलं, आई, पण तिची ती ओळ मी खोडलेली नाही.