सोलापूरचं तिकीट

तामलवाडी, शनिवार संध्याकाळ, १९६२

तुळजापूरहून येताना एस.टी.त मागच्या माणसानं सोलापूरचं तिकीट मागितलेलं मी ऐकलं होतं. मी तामलवाडीला उतरले, तर तोही उतरला. सोलापूरचं तिकीट, मग इथं कशाला? घराची वाट शेतातली, सुनसान. मी तिकडं न वळता बांगडीवाल्या चाचींच्या दुकानात शिरले. तो बाहेरच घुटमळत राहिला. शेवटी मीच मोठ्यानं विचारलं, "सोलापूरचं तिकीट काढून इथं का उतरलात?"

सडकेवरची माणसं वळून बघायला लागली. तो चालता झाला.

"बरं केलंस, बेटी," म्हणत चाची घरापर्यंत सोबत आल्या.

आईला सांगावं का? नको, ती शाळेची नोकरीच सोडायला लावेल. पण सोमवारी वर्गातल्या पोरींना सगळं सांगणार. आवाज किती चढवायचा, तेसुद्धा करून दाखवणार.