खड्ड्यातली केरेरू

बोटयार्ड, लाउतोकाच्या दक्षिणेला, फिजी
१२ ऑक्टोबर

प्रिय कॉलम,

तू आणि मुली बरे असाल असं धरून चालते. टिमारूत थंडी ओसरली असेल. इथे उकाडा सुरू झाला आहे. घडलेलं आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

१. आपली बोट केरेरू मागच्या नोव्हेंबरपासून यार्डातल्या खड्ड्यात आहे. वादळांच्या हंगामात बोटी अशाच ठेवतात. तळाचा कणा जमिनीत, पोटाभोवती जुने टायर. हंगाम संपल्यावर बाकीच्या निघाल्या. ती निघाली नाही. कण्याचे बोल्ट गंजलेत, तळाचं लाकूड अंगठा लावला की दबतं. मी स्वतः तपासलं. ती परत पाण्यात जाणार नाही.
२. बाबा आणि मी तिच्यातच राहतो. शिडीने चढतो, शिडीने उतरतो.
३. बाबांना स्मृतिभ्रंश आहे.
४. १९ सप्टेंबरला 'जुनिपर' नावाची बोट मोतुलेई बेटाच्या प्रवाळावर चढून फुटली. नवरा, बायको आणि त्यांची लहान मुलगी, तिघंही वाचली. बोट गेली. तेच त्यांचं घर होतं.
५. मोतुलेईत शिरायची वाट त्यांना बाबांनी रेडिओवर सांगितली होती.
६. यार्डाला खड्डा नव्या हंगामासाठी हवा आहे. ३ नोव्हेंबरला केरेरू वर काढून तोडणार.

सकाळची रेडिओवरची हजेरी तुला आठवत असेल. ट्रूडी टोंगाहून अजूनही ती घेते, तेच जर्मन खणखणीत उच्चार. ती एकेका बोटीचं नाव पुकारते, बोट आपला ठावठिकाणा, वारा, लाटा सांगते. उत्तर आलं नाही तर शोध सुरू होतो. शोध संपला की नाव वगळतात. लहानपणी एखादं नाव वगळलं गेलं की मी तुझ्याकडे बघायचे आणि तू बिस्किट खाता खाता सांगायचास, "बुडाली."

खड्ड्यात आल्यावर सुरुवातीला बाबा खरं तेच सांगायचे. "केरेरू, जमिनीत गाडलेली. वारा भरपूर, पण आमच्या काय कामाचा!" लोक हसायचे. मग जूनमध्ये एका सकाळी मी कॉफी करत होते, तर ते रेडिओवर म्हणाले, आम्ही मोतुलेईच्या आत नांगर टाकून आहोत, पाणी तेलासारखं शांत आहे. माझ्यासमोरच्या खिडकीत टायर होते.

ट्रूडीने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "छान, अल्विन. नांगर बसलाय ना नीट?"

"बसलाय म्हणजे! तुझ्या पहिल्या नवऱ्यासारखा. हलायचं नाव नाही."

"तो हलला होता रे शेवटी. माझ्या बहिणीकडे."

सगळ्यांनी ते चालवून घेतलं. मीही. बाबांचा आवाज तुला माहीत आहे. त्या आवाजात काहीही खरं वाटतं. रोज सकाळी ते दाढी करून, सदरा घालून रेडिओसमोर बसायचे. दिवसभरात तेवढा अर्धा तास ते पूर्ण असायचे.

जुनिपरवाल्यांचा या पाण्यातला पहिलाच हंगाम होता. त्यांना बाबांबद्दल माहीत नव्हतं. त्यांनी वाट विचारली, बाबांनी सांगितली. किनाऱ्यावरचे तीन उंच माड एका रेषेत धरा, सूर्य पाठीशी असू द्या आणि बिनधास्त आत या. तीस वर्षांपूर्वी हे अगदी बरोबर होतं. ते माड एका वादळात गेले. नंतर दुसरे वाढले. तीन माड त्यांना दिसलेही, एका रेषेत आलेही. रेषा सरळ प्रवाळावर जात होती.

त्या सकाळी मी शेजारच्या बोटीवर वायरिंगचं काम करत होते. ट्रूडीला त्या दिवशी रेडिओ धड ऐकू येत नव्हता. बाकी ज्यांनी ऐकलं, त्या प्रत्येकाला वाटलं की कोणीतरी दुसरं त्यांना सावध करेल.

जुनिपरची बाई इथे येऊन गेली. तिला बाबांना बघायचं होतं. बाबांनी तिला कॉफी दिली आणि विचारलं, "कुठली बोट तुमची?" ती माझ्याकडे बघत राहिली. "बोट नाहीये सध्या," म्हणाली. "मग घ्या की एखादी," बाबा म्हणाले, "जमिनीवर कसले राहताय?" तिने कॉफी संपवली आणि गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

अपेनिसा इथला मुकादम आहे. अधूनमधून अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून आणतो आणि शिडीच्या खालूनच हाक मारतो.

"कॅप्टन, आज कुठवर पोचलात?"

"टोंगा मागे पडलं. तू कुठे उंडारत होतास? डेक पुसायला सांगितलं होतं ना तुला?"

"पाण्यात पडलो होतो कॅप्टन. पोहत पोहत गाठलं तुम्हाला."

"पुढच्या वेळी थांबणार नाही हां मी."

काल मी भांडं परत द्यायला गेले तेव्हा तो म्हणाला, "हेस्टर, क्रेनचा दिवस मी ठरवत नाही."

"माहीत आहे."

"त्या दिवशी त्यांना माझ्या घरी घेऊन जा. गाव लांब आहे. लाकूड फुटताना फार आवाज होतो."

वर सहा मुद्दे लिहिले. सातवा लिहिला नाही.

जुनिपर फुटल्याचं कळलं त्याच दिवशी मी रेडिओ उघडला आणि मायक्रोफोनची एक तार आतून सोडवली. ऐकू येतं, पण बोललेलं बाहेर जात नाही. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, त्यामुळे बाबांना संशय येत नाही. मग ट्रूडीला निरोप पाठवला की केरेरूचं नाव पुकारू नकोस. तिने विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हटलं. पुन्हा तेच करीन. दुसरा काही उपाय सापडला नाही, आणि मी शोधला होता.

पहिल्या आठवड्यात बाबा म्हणायचे, लहरी बिघडल्यात. मग म्हणाले, "रागावलेत का गं सगळे? मी काही बोललो का कुणाला?" मी नाही म्हटलं. दाढी मात्र रोज करत होते.

आज सकाळी ते हजेरी शेवटपर्यंत गप्प ऐकत बसले. एकेक बोट झाली. ट्रूडीने सगळ्यांना दिवस चांगला जावो म्हटलं आणि बंद केलं. बाबांनी मायक्रोफोन आकड्याला अडकवला, वायर सरळ केली आणि मला विचारलं, "हेस्टर, आपण बुडालो का गं?"

"नाही बाबा."

"मग नाव का घेतलं नाही?"

मी रेडिओ बंद केला. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. टायर, माती, शिडीची टोकं. त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. मग म्हणाले, "बरं झालं, कॉलम आधीच उतरला. एक तरी वाचला."

तू सोळाव्या वर्षी उतरलास त्यावर ते इतक्या वर्षांत एकदाही बोलले नव्हते. मी हे तुला वळवण्यासाठी लिहीत नाही. ते म्हणाले, म्हणून लिहिलं.

मार्चमध्ये मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास. तुझी कारणं खोटी नव्हती. घर लहान आहे, मुली त्यांना ओळखत नाहीत, आणि तुला ते नको आहेत. यातलं काही बदललं असेल असं मला वाटत नाही. त्यांना घेऊन राहता येईल अशी जागा मला इथे मिळाली नाही. ऑकलंडच्या एका वृद्धाश्रमात एक खोली आहे. दारं बाहेरून बंद होतात. रेडिओ चालणार नाही असं त्यांनी आधीच कळवलंय. खोली ते २६ तारखेपर्यंत धरून ठेवतील.

त्यांना तुझ्याकडे आणू की नाही ते २५ ऑक्टोबरपर्यंत कळव. एक शब्द पुरे. नाही असेल तर कारणं लिहू नकोस.

केरेरूवरून,
हेस्टर