इंजिनाच्या अगदी तोंडाशी

२३ फेब्रुवारी, रविवार
वरदच्या घरचे येऊन गेले. मुलगा चांगला आहे, आमच्या मैथिलीच्याच ऑफिसात. दोघांनी आधीच ठरवून टाकल्यामुळे आम्हा आईबापांकडे फक्त पोहे उरले होते. वरदचे वडील पिलाजीराव शाळेतून रिटायर झालेत, दांडिया बाजारातलं जुनं घराणं, आवाज मोठा. आई मंदाकिनीबाई. त्यांचा आवाज ऐकला नाही.

पाहुणे येण्याआधी घर आवरलं. मैथिलीची ऑफिसची लाल पिशवी दारामागे लोंबत होती, ती माळ्यावर टाकली. बरं दिसत नाही. आमच्या कारखान्यातल्या उरलेल्या कापडाची आहे, कुणी विचारलं तर काय सांगायचं?

पिलाजीरावांनी विचारलं, आपण कुठल्या लाइनमध्ये. मी म्हटलं, मकरपुऱ्याला, लढाऊ विमानांच्या इंजिनांमध्ये. त्यांनी मान डोलावली. मैथिली पाण्याचे ग्लास घेऊन येत होती, ती तशीच आत परत गेली. लाजली असावी.

२४ फेब्रुवारी, सोमवार. जेवणाची सुट्टी
कालचं खोटं नव्हतं. नीट लिहून ठेवतो. विमान जमिनीवर उभं असताना इंजिनाच्या तोंडात पाखरं, धूळ, खडे जाऊ नयेत म्हणून लाल कापडी झाकण लावतात. ते झाकण आमच्या कारखान्यात शिवतात. खडा आत गेला तर पाती तुटतात आणि कोट्यवधींचं इंजिन भंगारात. म्हणजे इंजिनाचं आयुष्य कुणाच्या हातात? झाकणाच्या. झाकण कुणाच्या ताब्यात? स्टोअरच्या. स्टोअरला कोण? मी. आमचं काम इंजिनाच्या अगदी तोंडाशी आहे.

पहिल्या भेटीत माणसाने जरा भारदस्त बोलावंच. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

संकल्प : अक्षय्य तृतीयेला साखरपुडा आहे. त्याआधी पिलाजीरावांच्या कानावर ‘झाकण’ हा शब्द घालायचा. सहज, बोलता बोलता.

१ मार्च, शनिवार
पिलाजीरावांचा फोन. मुलाच्या सासऱ्यांबद्दल त्यांना आदर आहे, हे आवाजावरून कळतं. झाकणाचा विषय निघाला नाही. फोनवर असे विषय काढू नयेत.

८ मार्च, शनिवार
बोललो आहोत तर अभ्यास हवा. स्टोअरमध्ये बसून मोबाइलवर भरपूर वाचलं. विमानाचा सांगाडा तीस-चाळीस वर्षं टिकतो, पण इंजिन तेवढं टिकत नाही. विमानाच्या एका जन्मात दोन-तीनदा इंजिन बदलावं लागतं. नुसती इंजिनं, त्यांची ओव्हरहॉलिंग आणि सुटे भाग धरले तर हिशेब मूळ विमानाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. आणि मुख्य मुद्दा : इंजिन तासांनी मरत नाही. पायलट थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, किती वेळा वर-खाली करतो, त्यावर मरतं. गरम-गार, गरम-गार होऊन धातू थकतो.

हे पीयूषभाईंना सांगितलं. ते मालक आहेत, त्यांना रस असायला हवा. म्हणाले, जनार्दनभाई, टेम्पो आवी गयो छे, ट्रकनी ताडपत्री चढावो ने.

दूरदृष्टी नाही. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी आपण संरक्षण खात्याकडे झाकणांचे सहा नमुने पाठवले, त्यावर पोच आली, ऑर्डर नाही. पण नमुने गेलेत. फाइल बंद झाल्याचं कुणीही कळवलेलं नाही. बाकी ताडपत्री काय, आज आहे उद्या नाही.

१५ मार्च, शनिवार
सुहासिनी म्हणते मिक्सर बदला, घरघरतोय. मी तिला शास्त्र समजावलं. मिक्सर जुना झाल्याने मरत नाही, चालू-बंद केल्याने मरतो. आजपासून मिक्सर दिवसातून एकदाच चालू करायचा, जे काय वाटायचं ते एका दमात. तिने विचारलं, लसणाची चटणी आणि वेलदोडे पण? मी म्हटलं, प्लॅनिंग कर.

मैथिलीने ऑफिससाठी काळी बॅग विकत आणली. लाल पिशवी सापडत नाही म्हणाली. मी गप्प बसलो. काळी जास्त प्रोफेशनल दिसते.

२२ मार्च, शनिवार
पिलाजीराव भाजी बाजारात भेटले. झाकणाचं सांगणारच होतो. त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. ओझं घेऊन उभ्या माणसाला थांबवणं बरं नव्हे. पाडव्याला जेवायला बोलावलं. तेव्हा सांगतो, श्रीखंड खाताना मन मोकळं असतं.

३० मार्च, पाडवा
श्रीखंडाला लसणाचा वास होता. सुहासिनीने सगळं एका दमात वाटलं, फक्त क्रम उलटा धरला. शिवाय शेवटी मिक्सरमधून धूर आला. मी तिला शांतपणे सांगितलं की याला ओव्हरहॉलिंग म्हणतात, मिक्सर गेलेला नाही. तिने प्लग काढला.

पिलाजीरावांनी तेच श्रीखंड दोनदा मागून घेतलं. मंदाकिनीबाईंनीही वाटी स्वच्छ केली. खवय्ये माणसं आहेत.

जेवताना विषय निघाला. रामनवमीच्या उत्सवात दांडिया बाजारातल्या देवळात व्याख्यानमाला असते, ती पिलाजीराव बघतात. शुक्रवारच्या वक्त्यांचा घसा बसला. मी म्हटलं, काळजी कशाला, मी आहे. लढाऊ विमानांच्या इंजिनांवर तासभर सहज बोलेन. पिलाजीराव बराच वेळ पाणी पीत होते. मग म्हणाले, बघू, बघू. मैथिली म्हणाली, बाबांची पाठ दुखते, उभं राहवत नाही. मी म्हटलं, देवाच्या कामात पाठ कसली! पिलाजीराव सुनेच्या तोंडाकडे बघत म्हणाले, व्याह्यांचा शब्द मोडता येत नाही.

मान देणारं घराणं. पोरीने नशीब काढलं.

झाकणाचं राहिलं. श्रीखंडाच्या गडबडीत.

२ एप्रिल, बुधवार
देवळाबाहेर फळा लागला. विषय : लढाऊ विमानांची इंजिने, आयुष्य आणि बदलीचा खर्च. वक्ते : श्री. जनार्दनराव, मकरपुरा. एवढंच. फळ्यावर पुष्कळ जागा रिकामी होती. खडू खालीच पडला होता. ‘विमान-इंजिन तज्ज्ञ’ एवढं लिहिलं. अक्षर पिलाजीरावांसारखंच काढलं.

मैथिली संध्याकाळी जवळ येऊन बसली. खूप दिवसांनी. म्हणाली, बाबा, झाकणाबद्दल बोला ना. कापड कुठलं, शिवण दुहेरी का, लाल रंगच का, त्यातलं सगळं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही फार छान सांगता. मी हसलो. तिला म्हटलं, अगं, लोक इंजिन ऐकायला येणार, झाकण ऐकायला कोण येतं? ती उठून गेली.

पोरगी हुशार आहे, पण श्रोत्यांची नाडी तिला कळत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. रात्री, थकून
जबरदस्त झालं!

थोडं सविस्तर लिहितो. सांगाडा, इंजिन, थ्रॉटल, खर्च, हे सगळं पंधरा मिनिटांत संपलं. मी फार नेमकं बोलतो, त्याचा हा तोटा. पुढे काय? मग मिक्सर सांगितला. लसणाचं श्रीखंड सांगितलं. लोक पोट धरून हसले. सुहासिनी बायकांत बसली होती, ती पदराने तोंड पुसत होती. हसून डोळ्यांत पाणी आलं असणार.

मैथिली दारात उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी सांगत होती. बापाचं कौतुक करायला इतकी पुढे होईल असं वाटलं नव्हतं. पुढच्या रांगेत बसली मात्र नाही.

शेवटी मी प्रश्न विचारा म्हणणार, तोच पिलाजीराव उठले आणि म्हणाले, वेळेअभावी प्रश्नोत्तरं नाहीत. अर्धा तास शिल्लक होता. चहासुद्धा उकळला नव्हता. पण विषय इतका स्पष्ट झाला की प्रश्न उरलेच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

शाल आणि नारळ मिळाला. शाल अंगावर असताना मी बोलण्याच्या भरात म्हणालो की एकदा सगळे कारखान्यात या, इंजिन दाखवतो.

का म्हणालो कोण जाणे. शाल गरम होती.

६ एप्रिल, रामनवमी
प्रसादाच्या रांगेत तीन म्हाताऱ्यांनी अडवलं. इंजिन बघायला कधी यायचं? मी म्हटलं, बघू, बघू. पिलाजीरावांची ही पद्धत चांगली आहे.

८ एप्रिल, मंगळवार
त्या म्हाताऱ्यांपैकी एकाचा फोन. ज्येष्ठांची मिनीबस ठरली आहे. पुढच्या मंगळवारी.

मी सांगितलं की संरक्षण खात्याची गुप्तता असते, असं कुणालाही आत नेता येत नाही. वाटलं, मिटलं. उलट त्यांना आणखीच आदर वाटला. म्हणाले, निदान बाहेरून तरी बघू. फोन ठेवून वळलो तर मैथिली मागे उभी. डबा भरत होती. झाकण घट्ट लावून तिने डबा माझ्या हातात दिला.

तिने ओरडायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

९ एप्रिल, बुधवार
पीयूषभाईंना म्हटलं, मंगळवारी काही मंडळी येतील म्हणतात, तुम्ही नाही म्हणा. त्यांचा चेहरा उजळला. आववा दो ने! चा-नास्तो करावीशुं. पंधरा वर्षांत कारखाना बघायला कोणी आलेलं नाही म्हणाले. मला ताडपत्रीचा ढीग नीट रचून ठेवायला सांगितलं.

मंगळवारी पंधरा-वीस म्हातारे बसमधून उतरणार आणि ट्रकच्या ताडपत्र्या बघणार. त्यात पिलाजीराव असणार. घरी जाऊन मंदाकिनीबाईंना सांगणार. मग मैथिली त्या घरात सून म्हणून जाणार, फेकू माणसाची मुलगी म्हणून. हे मी आधी का नाही बघितलं? लाज वाटण्यासारखं काही नाही, असं दुसऱ्याच दिवशी लिहिलं मी. ज्याला लाज वाटत नाही तो असं लिहितच नाही.

१२ एप्रिल, शनिवार
सकाळी दांडिया बाजारापर्यंत गेलो. पिलाजीरावांचं दार बंद दिसलं. कडी वाजवली असती तर उघडलं असतं. परत आलो. सुहासिनीने विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, तेच.

म्हणजे हिलाही माहीत आहे की मला सांगायचं आहे.

१३ एप्रिल, रविवार
सांगितलं.

पिलाजीराव पेपर वाचत होते, मंदाकिनीबाई गवार मोडत होत्या. मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. इंजिनाचं मला काही कळत नाही, मी स्टोअरला आहे, आम्ही ताडपत्र्या शिवतो, विमानाची झाकणं आयुष्यात सहाच शिवली आणि तीही नमुन्याची. म्हणालो, माझ्यामुळे पोरीला बोल लावू नका.

पिलाजीरावांनी पेपरची घडी घातली. त्यांचा मोठा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाले, अहो, आम्हाला दोन वर्षांपासून माहीत आहे. मैथिली ऑफिसात लाल पिशवी घेऊन यायची. वरदने विचारलं, असलं कापड कुठे मिळतं. तिने त्याला सांगितलं, माझ्या बाबांनी विमानाच्या इंजिनाची झाकणं केली त्यातलं आहे. असं कापड आहे की पाऊस आत जात नाही. सगळ्या ऑफिसला दाखवायची. त्यावरूनच तर दोघांची ओळख झाली. पोहे खायला येण्याच्या आधीपासून आम्हाला तुमची झाकणं पाठ होती.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

म्हणाले, तुम्ही इंजिन म्हणालात, तेव्हा पोरीचा चेहरा बघितला. रात्री तिने फोन करून हात जोडले. बाबांना काही विचारू नका म्हणाली. व्याख्यानालाही दारात उभी राहून प्रत्येकाला हेच सांगत होती.

मिनीबसवाल्यांना ते स्वतः सांगणार आहेत. काय सांगणार ते मी विचारलं नाही.

निघताना मंदाकिनीबाई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. त्यांच्या वॉशिंग मशीनवर गॅलरीतलं पाणी पडतं. एक कव्हर शिवून मिळेल का? मी माप घेतलं. टॉप लोड आहे.

१४ एप्रिल, सोमवार
मैथिली समोर बसून जेवली. मला माफ कर म्हणायचं होतं. आमटीत मीठ कमी आहे असं म्हणालो. तिने मीठ पुढे केलं.

ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता तीच मी माळ्यावर टाकली. आणि वर तीच लाजली असावी असं लिहिलं. ती लाजलीच होती. माझ्यासाठी.

१६ एप्रिल, बुधवार
पीयूषभाई हिरमुसले आहेत. काल कुणी आलंच नाही. नाश्ता कामगारांनी खाल्ला. वॉशिंग मशीनचं कव्हर कापलं. दुहेरी शिवण घातली, पाणी आत जाणार नाही.

नवा मिक्सर आणला. सुहासिनीने लगेच चारदा चालू-बंद करून बघितला. मी वेलदोडे काढून दिले.

१७ एप्रिल, गुरुवार
शिडी लावून माळ्यावरून पिशवी काढली. धुळीने माखली होती, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलं होतं. धुतली. कोपऱ्याला आतून ठिगळ लावलं, बाहेरून दिसत नाही. दारामागे होती तिथेच टांगली.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी
मैथिली ऑफिसला निघाली. दारामागे बघितलं. पिशवीला हात लावला, ठिगळ बोटांनी चाचपलं. शिवण छान आहे म्हणाली. मग काळी बॅग खांद्याला लावली आणि गेली.